पहिली वेलांटी

८ फेब्रुवारी

दाराची बेल सकाळी परत जोडली. दुपारी परत काढली. मधल्या वेळात ती एकदाही वाजली नाही, पण आता वाजेल, मग वाजेल म्हणून मी स्वयंपाकघरात कान लावून उभी राहिले आणि डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. ज्याला यायचं आहे तो दार वाजवील. तसं यायचं कुणाला आहे म्हणा.

डॉक्टरांनी सांगितलं, रोज चार ओळी लिहा, भीती कागदावर उतरली की हलकी होते. म्हणून ही वही. एकतीस वर्षं मी मुद्रितशोधक होते, दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं. स्वतःचं लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. (वरच्या ओळीतला 'की' पहिल्या वेलांटीने लिहिला होता. खोडून दुरुस्त केला. म्हणजे डॉक्टरांनासुद्धा स्वच्छ प्रत मिळणार.)

१० फेब्रुवारी

झालं ते एकदा सलग लिहून टाका, असंही ते म्हणाले होते. दोन दिवस टाळलं. आता लिहिते.

गेल्या जूनमध्ये कुणा एका मुलीने आपल्या नुकत्याच वारलेल्या वडिलांची कविता इंटरनेटवर टाकली. शेवटची ओळ होती, 'तुझ्याविना दीन गेले'. दीन म्हणजे बापडा, गरीब. तिथे दिवस या अर्थाचा दिन हवा, पहिल्या वेलांटीचा. मी खाली लिहिलं, 'दिन हवे, दीन नव्हे.' चार शब्द. सवयीने लिहिले आणि भाजी चिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझा फोटो हजारो लोकांनी फिरवला होता. पोरीचा बाप मेला आणि ही बया वेलांट्या मोजतेय. मग इमारतीचा फोटो आला, मग मजला, मग फोन नंबर. अकरा दिवस फोन वाजत होता. बाराव्या दिवशी कुणीतरी दारावर लाल शाईची बाटली फोडून गेलं. लाल शाई कुठून सुचली असेल, ते कळतंच आहे. डाग उंबऱ्यावर अजून आहे, त्यावर पायपुसणं टाकलंय.

आणि त्याच दिवसांत ताईने, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने, सगळ्यांसमोर लिहिलं : 'दिन हेच बरोबर. पण चूक दाखवायची ती वेळ नव्हती.' झालं. सख्खी बहीणसुद्धा हेच म्हणते, म्हणून लोकांना आणखी चेव आला. त्यानंतर मी तिच्याशी बोललेले नाही. आठ महिने झाले.

लिहून हलकं वगैरे काही वाटलं नाही.

२२ फेब्रुवारी

मुंगी येऊन गेली. मुंगी म्हणजे ताईची मुलगी. एकतीस वर्षांची आहे, दिवसभर मोठाल्या कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळते, पण लहानपणी साखरेचा डबा सोडायची नाही म्हणून मुंगी. ती शनिवारी येते. एकच अट घातली आहे, ताईचा विषय काढायचा नाही. अधूनमधून ती तोंड उघडते, मी लगेच चहाचं विचारते. एकदा तर एका भेटीत चार वेळा चहा झाला.

आज म्हणाली, "मावशी, तू लिहायचं सोडू नकोस. तिथे नको लिहूस. स्वतःची जागा बांध."

मी म्हटलं, मी आणि वेबसाइट? तिने समजावून सांगितलं ते असं. मोठ्या बाजारात स्टुलावर उभं राहून बोललं की रस्त्यावरचा कुणीही येऊन ओरडतो, आणि बाजाराच्या मालकाला ओरडाआरडा हवाच असतो. घरात बसून बोलणं वेगळं. तिथे अंगठे नाहीत, बदाम नाहीत, खाली कुणी काही खरडायचं नाही. पत्ता ज्याला माहीत तोच येणार.

पिशवीतून तिने एक पेटी काढली, साबणाच्या डबीएवढी. तिला वीज लागते आणि इंटरनेटची वायर. म्हणाली, तुझी सगळी पानं या पेटीत राहतील, तुझ्या घरात, तुझ्या कपाटात. शब्दकोशाच्या मागे ठेवली. एक हिरवा दिवा लागतो.

मी विचारलं, "वायर ओढली की सगळं बंद?"

"ओढली की बंद."

हे मात्र मला आवडलं.

२६ फेब्रुवारी

पानं हाताने लिहायची असतात. शब्दाच्या आधी एक खूण, नंतर तीच खूण तिरक्या रेघेसह. ठळक हवं तर ठळकची खूण उघडायची, काम झालं की बंद करायची. मुंगीला वाटलं होतं मी घाबरेन. हे तर आमचंच काम आहे. समासात खुणा करण्यात जन्म गेला.

तरी आज एक खूण बंद करायची राहिली आणि सबंध पान तिरकं झालं. पडद्यावरची शंभर ओळी एका बाजूला झुकलेली अक्षरं बघून मला कितीतरी दिवसांनी हसू आलं. आवाज शेजारी गेला असेल म्हणून लगेच गप्प झाले.

(शंभर ओळींची. 'ची' राहिली होती.)

३ मार्च

तीन पानं झाली. पहिल्या पानावर नुसतं 'या, बसा' आणि इतर पानांची नावं. दुसऱ्यावर छापखान्याच्या आठवणी. तिसऱ्यावर 'चुकांचं दप्तर', म्हणजे नोकरीत जमवलेल्या छापील चुका. 'सभेला प्रचंड सर्दी होती.' 'बाईंनी सुरेल गाय न केले.' कुणाचं नाव दिलेलं नाही. माझंही नाही.

दुसरं पान लिहिताना आमची वाचनाची पद्धत लिहावी लागली. टेबलाच्या एका बाजूला मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्या बाजूला दुसरी मुलगी प्रुफावर डोळे लावून बसायची. सगळं बोलून वाचायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. आणि जिथे घोळ होण्यासारखा शब्द येईल तिथे वेलांटीसुद्धा : 'पाणी, दुसरी', 'कवि नव्हे कवी, दुसरी'. कारण कानाला दोन्ही सारख्याच. मोठे साहेब म्हणायचे, वेलांटी ऐकू येत नाही, ती बघावी लागते. चूक सापडली की समोरची थांबवायची, खूण करायची, आणि खूण झाली की एकच शब्द म्हणायची, 'पुढे'. की मी पुढे. अशी अठरा वर्षं. नंतर कॉम्प्युटर आले आणि प्रत्येकीला स्वतंत्र पडदा मिळाला.

समोरची मुलगी म्हणजे ताई. ते पानावर लिहिलं नाही. 'पुढे'चंही लिहिलं नाही, तेवढं राहू दे माझ्याकडे.

मुंगीच्या हट्टाने एक गोष्ट मान्य केली. घराला निदान पत्रपेटी असू दे, म्हणाली. तळाशी एक चौकोन आहे, त्यात निरोप लिहिता येतो. तो फक्त मला दिसतो. नाव विचारत नाही. पत्ता कुणालाही सांगणार नाही, असं तिच्याकडून वदवून घेतलं. तिने "बरं" म्हटलं. जरा हळूच म्हटलं.

११ मार्च

कुणीतरी आलं होतं.

पेटी येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवते, कुठलं पान आणि किती वाजता एवढीच. आठ दिवस त्यात फक्त मी होते. आज चार वाजता कुणीतरी पहिलं पान उघडलं. मग दुसरं. चौदा मिनिटांनी तिसरं. चार मिनिटांत वाचून होणाऱ्या पानापुढे कुणीतरी चौदा मिनिटं बसून होतं.

खिडकीचे पडदे ओढून घेतले. मुंगीला फोन केला. ती म्हणाली, कुणी भरकटून आलं असेल. भरकटलेला माणूस चौदा मिनिटं बसतो का?

१२ मार्च

चार वाजता. पंधरा मिनिटं.

१३ मार्च

चार वाजता. मी पडद्यासमोर बसून होते. नोंदीची ओळ माझ्या डोळ्यांसमोर उमटली. कुणीतरी आत्ता, या मिनिटाला, माझ्या घरात आहे. हिरवा दिवा लुकलुकत होता. मी श्वास रोखून बसले, जणू त्याला ऐकू जाणार होतं.

१४ मार्च

निरोप आला. जसाच्या तसा उतरवते.

'पान दोन. ओळ सांगता येत नाही. छापखान्याच्या मागच्या, यानंतर शब्द गळला आहे.'

पान काढून बघितलं. 'छापखान्याच्या मागच्या बसायचो.' खोलीत हा शब्द खरंच गळलेला. आधी तो घातला. एवढी वर्षं माझी चूक काढायची कुणाची हिंमत नव्हती.

नंतर भीती वाटली ती वेगळी. हा आमच्या धंद्याच्या भाषेत बोलतो. पण धंद्यातला माणूस ओळ सांगितल्याशिवाय राहत नाही, ओळ सांगणं हे पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणजे धंद्यातला नाही. नक्कल करतोय. मी कोण ते त्याला ठाऊक आहे.

१६ मार्च

'पान तीन. आणि आणि. एक काढा.'

काढला. धन्यवाद कुणाला म्हणणार. दाराला आतून दुसरी कडी लावून घेतली, खालच्या शिंप्यांनी येऊन बसवून दिली. त्यांनी कारण विचारलं नाही. तेवढ्यासाठी ते मला आवडतात.

१८ मार्च

शिंपी काकांनी हाक मारून सांगितलं की मी बाजारात गेले होते तेव्हा एक गाडी येऊन थांबली होती. चालकाने खाली उतरून विचारलं, वरच्या बाई अजून इथेच राहतात ना, बऱ्या आहेत ना. काका हो म्हणाले. मग विचारलं, जिन्याला किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का. गाडीत मागे कुणीतरी बसलं होतं. भर सावलीत काळा चष्मा. खाली उतरलं नाही. दहा मिनिटं थांबून गाडी गेली.

माझी पाचावर धारण बसली. पायऱ्या कशाला मोजायच्या? पळताना पाय चुकू नये म्हणून? काकांना म्हटलं, परत आले तर सांगा, बाई गाव सोडून गेल्या. ते म्हणाले, "अहो, पण ते बिचारे काळजीने विचारत होते." काकांना सगळं जगच बिचारं वाटतं.

लाकडी बाक दाराला लावून ठेवला. आता मलाच बाहेर जायला दोन मिनिटं लागतात.

२० मार्च

छापखान्याचा एक जुना फोटो सापडला. टेबल, दोन मुली, मधे कागदांचा ढीग. एकीने तोंड उघडलंय, दुसरीची मान खाली. फोटो इतका जुना की कुणी ओळखणं शक्य नाही. नव्या, चौथ्या पानावर लावला. खाली काही लिहिलं नाही.

का लावला ते माहीत नाही. चार वाजता जो येतो त्याला बघू दे असं काहीतरी मनात आलं असावं. भीतीचीसुद्धा सवय होते का, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

२१ मार्च

'पान चार. चित्राखाली ओळ नाही. त्यात कोण आहे ते कळत नाही. कृपया लिहा.'

हेच हवं होतं त्याला. नावं. कोण आहे, दुसरी कोण आहे. माझ्यावरून भागलं नाही, आता ताईपर्यंत जायचं आहे. फोटो तत्काळ काढून टाकला.

तिच्याशी बोलत नाही ही गोष्ट वेगळी. तिच्या दारावर कुणी शाई फोडलेली मला चालणार नाही.

२२ मार्च

मुंगी आली. मी सगळं सांगितलं, चौदा मिनिटं, काळा चष्मा, फोटो. ती ऐकताना रडवेली झाली. मला वाटलं माझ्या काळजीने. म्हणाली, "मावशी, मी एक सांगू का? आईचं..." मी म्हटलं, अट. ती म्हणाली, निदान एवढं तरी ऐक, मंगळवारी तिला परत दवाखान्यात न्यायचं आहे. मी उठून चहा टाकला. ताईला दर वर्षी काहीतरी होतं, कधी गुडघा, कधी दात. मी अकरा दिवस फोनच्या आवाजाने थरथरत होते तेव्हा मला कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं.

जाताना मुंगी बाकाला अडखळली आणि बाकालाच रागावली. तिचा राग मी ओळखते, तो बाकावरचा नव्हता.

२३ मार्च

आज सकाळी दात घासताना मनात आलं, हा माणूस ताई तर नसेल?

चार वाजता. छापखान्यात शेवटचं वाचन चारलाच सुरू व्हायचं. आणि ते कोरडं बोलणं, 'एक काढा'. इतका वेळ सुचलं कसं नाही. अंदाजावर जायचं नाही, तपासून बघायचं. रिकामं झालेलं चौथं पान नव्याने लिहिलं, साधंच, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याविषयी. त्यात मुद्दाम चार चुका पेरल्या. 'पूर्ण'मधला पू पहिला. 'की' पहिल्या वेलांटीचा. 'पाणी'चं 'पानी'. आणि 'तिथे उन्हाळ्याचे दिन' असं लिहून त्यातला दिन दुसऱ्या वेलांटीचा केला. तोच. ज्याने सगळं घडलं तोच.

ताईच्या नजरेतून वेलांटी कधी सुटलेली नाही. मोठे साहेब तिला भिंग म्हणायचे. ताई असेल तर चारही पकडेल, आणि पहिला पकडेल तो दिन.

२४ मार्च

चार वाजून बावीस मिनिटांनी निरोप.

'पान चार. पानी नव्हे, पाणी. बाकी ठीक. रस्ता छान दिसला.'

बाकी ठीक.

तीन वेळा वाचलं. तीन ढळढळीत चुका डोळ्यांसमोरून गेल्या आणि याला बाकी ठीक. दिन आणि दीन याला सारखेच. म्हणजे तो त्यांच्यातलाच आहे, ज्यांना वेलांटीने काय बिघडतं असं वाटतं आणि जे वेलांटीसाठी माणसाचं दार रंगवतात. चूक कळली म्हणून दाखवत नाही, मला दाखवून देतोय की मी आहे. रस्ता छान दिसला! माझा रस्ता!

आणि ती ताई नव्हती. दिवसभर मी काय काय मनात धरून बसले होते, ते आता लिहायचीही लाज वाटते. जेवले नाही.

२६ मार्च

ठरलं. रविवारी, तीस तारखेला, वायर ओढायची. पेटी मुंगीला परत द्यायची. जगाला माझ्या खिडकीची गरज नाही आणि मला जगाची नाही.

एक महिना होतं हे घर. सकाळी उठून आधी वाटायचं, आज कुठलं पान लिहू. आठ महिन्यांत दुसरं काही वाटलं नव्हतं. ते आता जाणार. पण वाचणारा असा असेल तर लिहायचं कुणासाठी?

२७ मार्च

जाण्यापूर्वी पहिलं पान बदललं. 'या, बसा' काढलं. मनात आलं ते लिहिलं, जाता जाता घाबरायचं कशाला. दोन वेळा तपासून लावलं. इथेही ठेवते :

'हे घर रविवारी बंद होत आहे. गेल्या जूनमध्ये एका मुलीने आपल्या वडिलांची कविता वाचायला दिली. मला तीत फक्त एक वेलांटी दिसली. मी बरोबर होते. पण ती मुलगी तेव्हा चुका तपासायला बसलेली नव्हती, रडायला बसली होती, हे मला दिसलं नाही. हे मला एकाच माणसाने सांगितलं आणि मी त्याच माणसाशी बोलणं सोडलं. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो, मी वाचायची, ती बघायची. आता मी एकटीच वाचते आणि बघायला कुणी नाही. तुझ्याविना दिन गेले.'

शेवटची ओळ त्या कवितेतली. परवानगी घेतलेली नाही. वेलांटी पहिली ठेवली आहे.

२८ मार्च

मुंगी काल आणि आज फोन उचलत नाही. बरोबर चार वाजता नोंद उमटली. पहिलं पान. मग पुन्हा पहिलं पान. पुन्हा. सव्वापाचपर्यंत तेच पान अकरा वेळा उघडलं. अकरा दिवसांची आठवण झाली आणि मी वायरीला हात घातला. रविवारची वाट कशाला बघायची.

तेवढ्यात निरोप आला.

'पान एक. चूक नाही. पुढे.'

मी वायर सोडली आणि जमिनीवरच बसले.

तो शब्द मी कुठेही लिहिलेला नाही. या वहीशिवाय कुठेही नाही. तो त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघींनाच माहीत.

मग दीन का सुटला? ताईच्या नजरेतून? मी तिथेच बसून एकेक निरोप पुन्हा वाचला. ओळ सांगता येत नाही. आणि आणि. चित्रात कोण आहे ते कळत नाही. पाणी. गळलेला शब्द, दोनदा आलेला शब्द, कानाला खटकणारा शब्द. जे ऐकू येतं तेवढंच. चौदा मिनिटं. मी मोठ्याने वाचायला लागले तर ते पान चौदा मिनिटांचंच आहे.

मुंगीला लागोपाठ सहा वेळा फोन केला. सातव्यांदा तिने उचलला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी विचारलं, "ताईचे डोळे कसे आहेत?"

नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तू विचारायची मी वाट बघत होते गं."

सगळं सांगितलं तिने. ऑगस्टमध्ये उजवा गेला, डिसेंबरात डावा. आतला पडदा सुटला, दोन वेळा ऑपरेशन करूनही बसला नाही. उजेड आणि अंधार एवढं कळतं. मुंगीने तिच्या फोनमध्ये वाचून दाखवणारा आवाज घालून दिला आहे, तो सगळं सपाट वाचतो, ना स्वल्पविराम सांगतो ना वेलांटी. ताई त्याला ठोंब्या म्हणते. पत्ता मुंगीनेच दिला, पहिल्याच आठवड्यात. गाडीत काळा चष्मा लावून बसलेली तीच होती. दोन मजले चढून येणार होती, पण पायऱ्यांचा आकडा ऐकून म्हणाली, नको, मी चाचपडत तिच्या दारात गेले तर ती मला दयेने घरात घेईल, भांडण तसंच राहील.

मी ओरडले मुंगीवर. तू सांगितलं का नाहीस म्हणून. ती म्हणाली, "मावशी, तुझी अट होती. आणि तिचीही होती."

नऊ महिने मला वाटत होतं की लोक मला बघतायत. ज्या एका माणसाने मला बघायला हवं होतं, तिचं बघणं त्याच महिन्यांत जात होतं आणि मी चहा टाकत होते.

२९ मार्च

बाक दारापासून काढला. दुसरी कडी काढली. बेल जोडली. जमावाची भीती वाटत नाही असं नाही, पण आज तिला वेळ मिळाला नाही. आज फक्त फोनची भीती. नंबर पाठ आहे, बोट जात नाही. काय म्हणायचं? कशी आहेस? नऊ महिन्यांनी, आणि डोळे गेलेल्या माणसाला? तीन वेळा फोन हातात घेतला, तीन वेळा खाली ठेवला. चार वाजले, चारचे पाच झाले.

ती आली होती. नोंद आहे. पहिलं पान, एकदाच.

३० मार्च

रविवार. वायर ओढलेली नाही.

पावणेचारला पहिलं पान कागदावर उतरवून घेतलं. पडद्यावरून वाचायची मला सवय नाही, आणि मूळ प्रत हातात असली की आवाज थरथरत नाही. निदान पूर्वी थरथरत नसे. बरोबर चार वाजता फोन लावला.

दोन वेळा वाजला. मग तिचा आवाज, थोडा जाड झालेला. "हॅलो?"

मी नाव सांगितलं नाही. कशी आहेस विचारलं नाही. कागद धरला आणि सुरुवात केली.

"पान एक. हे घर रविवारी बंद होत आहे, पूर्णविराम. गेल्या जूनमध्ये एका मुलीने आपल्या वडिलांची कविता वाचायला दिली, पूर्णविराम. मला तीत, ती दुसरी, फक्त एक वेलांटी दिसली, पूर्णविराम."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्यासारखं वाटलं. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मी बरोबर होते, पूर्णविराम. रडायला बसली होती, स्वल्पविराम, हे मला दिसलं नाही, पूर्णविराम. टेबलाच्या दोन बाजू, मी वाचायची, ती बघायची. एकेक खूण बोलून दाखवत शेवटच्या ओळीपर्यंत आले. तिथे कागद डोळ्यांजवळ धरावा लागला.

"तुझ्याविना दिन गेले," मी म्हटलं. "दिन. पहिली."

ताईचा श्वास ऐकू येत होता. खूण करायला ती नेहमीच वेळ घ्यायची.

मग ती म्हणाली, "पुढे."